ज्याचं काम त्यानं करावं?

आमच्या शेजाऱ्यांचं एक लाडकं वाक्य आहे : ‘‘ज्याचं काम त्यानं करावं!’’ मी फळी ठोकायला हातोडी घेतली, की हे दारात हजर. (मागची फळी पडली हे खरं, पण ती रात्री, खाली कोणी नसताना पडली, हा तिचा समंजसपणा कोणी ध्यानात घेत नाही.)

परवा मी त्यांना ब्रूस मॅक्लारेनची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडचा शर्यतवीर. पोरवयात वडिलांनी आणलेल्या जुन्या ऑस्टिन सेव्हनवर हात काळे केले, १९५९ साली अवघ्या २२ वर्षांचा असताना अमेरिकन ग्रां प्री जिंकली, १९६८ साली बेल्जियममध्ये तर स्वतःच्या नावाची गाडी पहिली आणली. मग गड्याला वाटलं, रस्त्यावर चालणारी स्पोर्ट्स कार बांधावी. शर्यतीच्या गाडीवर छप्पर चढवलं, मागे शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन, नाव एम६जीटी. वर्षाला २५० बांधायचा बेत. नमुन्याची गाडी तो स्वतःच वापरायचा. गिऱ्हाइकाला जे सोसावं लागणार, ते आधी आपण सोसायचं! २ जून १९७० रोजी गुडवूडला शर्यतीची दुसरीच एक गाडी तपासताना तो गेला. वय ३२. बेत तिथेच थांबला.

‘‘बघा! चालवायचं सोडून बांधायला गेला,’’ शेजारी म्हणाले. ‘‘आणि ती दुसरी गाडीही त्याच्याच कारखान्यातली ना?’’

होती. इथे मला विनोद सुचत नाही. पण साहेब, १९६८ साली जिम क्लार्क गेला, तो दुसऱ्यानं बांधलेल्या गाडीत. त्यानं तर फक्त ‘ज्याचं काम’ तेवढंच केलं होतं! उलट जॅक ब्रॅबम १९६६ साली स्वतःच्याच गाडीतून जगज्जेता झाला. धोका शर्यतीत होता, हौसेत नव्हता. आणि गाडी कुठे दुखते, हे चालवणाऱ्याइतकं कोणाला कळणार? जोडा कुठे चावतो ते पायालाच ठाऊक.

१९९२ साली त्याच्या नावाच्या कंपनीनं रस्त्यावरची गाडी काढली; १९९८ साली ती ताशी ३८६ किलोमीटरनं धावली. ते बघायला तो नव्हता, हे दुःख आहेच. पण ‘फसला’ हा शब्द मला नामंजूर आहे. ज्यांनी आयुष्यात काही बांधलंच नाही, त्यांचं काही फसत नाही. एवढीच त्यांची कमाई.

फळी मी रविवारी पुन्हा ठोकणार आहे. शेजाऱ्यांना तसं कळवलंय. खाली उभे राहू नका, एवढंच म्हटलं.