गोळीतील अदृश्य अंश

२०१८ साली रक्तदाबावरील ‘वलसार्टन’ या औषधाच्या अनेक गोळ्या युरोप व अमेरिकेत बाजारातून परत मागवण्यात आल्या. निर्मितीप्रक्रिया बदलल्याने त्यांत ‘एनडीएमए’ हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य नकळत तयार झाले होते. अमेरिकी औषध नियामकाने त्याची दैनंदिन मर्यादा ९६ नॅनोग्रॅम ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इतका सूक्ष्म अंश ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हे यंत्र पकडते. रेणूंना विद्युतभारित करून ते त्यांची वस्तुमानानुसार वर्गवारी करते. या तंत्रावरील कार्यासाठी अ‍ॅस्टन यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा हा उपयोग कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. अशा संशोधनाला आणि सरकारी प्रयोगशाळांना मिळणारा निधी अखेर घरातील ज्येष्ठांच्या औषधांच्या डबीपर्यंत पोहोचतो.

मात्र अशी बातमी वाचून गोळी परस्पर बंद करू नये. पर्यायी औषध मिळेपर्यंत चालू गोळी घेत राहावी, असाच सल्ला तेव्हाही देण्यात आला होता. कारण अनियंत्रित रक्तदाबाचा धोका अधिक निकटचा असतो. गोळ्या डबीत काढल्या तरी बॅच क्रमांक असलेले वेष्टन जपून ठेवावे आणि शंका आल्यास ते घेऊन डॉक्टरांना भेटावे.