यादीत आपल्या नावापुढं 'आहे' लिहिलंय!

मंडळी, अक्कलकोटकडून हद्द ओलांडली की आळंद. तिथून कलबुर्गीच्या वाटेवर कडगंची. तिथं कर्नाटकचं केंद्रीय विद्यापीठ उभं आहे, दिल्लीच्या पैशावर चालणारं. आपलं कुठंय?

2009 साली संसदेनं कायदा केला. ज्या राज्यात केंद्रीय विद्यापीठ नाही, तिथं द्यायचं. गुजरात, केरळ, ओडिशा, कर्नाटक, सगळ्यांना मिळालं. गोव्याला वगळलं. आणि महाराष्ट्र? आपल्याकडे 'आहे' ना! वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ. ते काढलंच हिंदी भाषा-साहित्याच्या वाढीसाठी. त्याच्याशी आपलं भांडण नाही, खुशाल चालू दे. पण लातूरच्या पोरीला फिजिक्समध्ये एमएस्सी करायचीय, तिनं वर्ध्याला जाऊन काय करायचं?

बरं, एका राज्याला एकच, असंही नाही. बिहारला गयेत आहे, मोतिहारीतही आहे. उत्तर प्रदेशातली तर मोजत बसा.

इकडं आपल्या सरकारी विद्यापीठांत, कॉलेजांत रिकाम्या जागा सीएचबीवर भरायच्या. नेट-सेट, पीएचडी झालेला माणूस तासावर शिकवतो आणि त्या तासांच्या पैशासाठी महिनोन्‌महिने थांबतो. (पोरं त्याला 'सर' म्हणतात, दुकानदार उधारी देत नाही.)

2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. रिद्धपूरचं मराठी विद्यापीठ मात्र राज्याच्याच खिशातून.

लोकसभेत आपले 48 खासदार आहेत राव! आपापल्या खासदाराला एवढंच विचारा, की सर्व विषयांचं केंद्रीय विद्यापीठ महाराष्ट्राला कधी? आलेलं उत्तर खाली कमेंटमध्ये टाका. नाही आलं, तर तेही टाका.