मुद्दल अक्षय राहो
१/ चारठाण्याचे गोकुळेश्वर मंदिर, तेथील बारव आणि उंच कोरीव स्तंभ पाहताना बांधणाऱ्यांचे स्मरण होते. परंतु मंदिर उभारणे हे एकदाचे दान. ते सांभाळणे हा नित्याचा खर्च.

२/ हा भेद सुमारे १९०० वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता. नाशिकच्या लेणे क्र. १० मधील शिलालेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले: २००० दरमहा १ टक्का, १००० पाऊण टक्का व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. हीच ‘अक्षयनीवी’.

३/ चारठाण्याला जीर्णोद्धाराइतकीच अशा ठेवीची गरज आहे. फलकावरील नावाचा मोह सोडून पुढील पिढ्यांच्या डागडुजीची तरतूद करून ठेवतो, तोच खरा दाता.