नळी कुणाच्या तोंडाची?

कुर्ल्यात रेग्युलेटर म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरचा. दुसरा, रिक्षाच्या सीएनजी किटमधला. तिसराही एक असतो, पाण्याखाली श्वास घ्यायचा, आणि तो माझ्या घरी पलंगाखालच्या बॅगेत असतो, हे सांगितलं की शेजारी अजून हसतात. हसू देत बापडे. या तिघांचं नातं त्यांना वाटतं त्याहून बरंच जवळचं आहे. 1943 साली कुस्तोने ज्याच्या मदतीने 'ॲक्वालंग' केला तो एमिल गान्यां पॅरिसमध्ये गॅस कंपनीत इंजिनियर होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायच्या, त्यासाठी त्याने एक व्हॉल्व्ह बसवला होता. तोच सुधारून त्यांनी पाणबुड्याच्या पाठीवर चढवला. म्हणजे आमच्या स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षांचा आणि स्कुबाचा पणजोबा एकच! सीएनजीच्या टाकीत साधारण 200 बार दाब भरतात, स्कुबाच्या सिलिंडरमध्येही तेवढाच.

माझी निम्मी नोकरी दाबाच्या हवेच्या नळ्या आणि फिटिंग विकण्यात गेली. त्यामुळे हे सगळं माझ्या आवडीचं आहे आणि आज जे लिहितोय त्यात थोडा राग दिसला तर समजून घ्या. एका जुन्या मित्राशी माझं भांडण झालंय. विषय: नळ्या. तुम्ही म्हणाल, नळ्यांवरून कोणी भांडतं का? (पाण्याच्या नळावरून कुर्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडलेत, पण ते वेगळं.)

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या स्कुबात पाठीवर एक सिलिंडर असतो. साइडमाउंटमध्ये दोन सिलिंडर दोन्ही बगलांखाली, कुशीला लावलेले असतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या गुहांत निघाली. तिथे वाटच इतकी अरुंद की पाठीवर काही घेऊन घुसता येईना. पुढे फ्लोरिडातल्या गुहावाल्यांनी ती घोटून घोटून पक्की केली आणि गेल्या पंधराएक वर्षांत ती साध्या समुद्रातही फॅशन म्हणून आली. दोन सिलिंडर म्हणजे दोन स्वतंत्र रेग्युलेटर. एकाची नळी आखूड, त्याचं तोंड इलॅस्टिकच्या दोरीने गळ्यात माळेसारखं हनुवटीखाली अडकवलेलं. दुसऱ्याची नळी लांब, मानेमागून फिरून तोंडात येणारी. प्रत्येक सिलिंडरला आपापला दाबमापक, वीतभर नळीवर. थोडा वेळ याच्यातून श्वास, थोडा वेळ त्याच्यातून, म्हणजे दोन्ही सिलिंडर बरोबरीने रिकामे होतात आणि एक बंद पडला तरी दुसऱ्यात परतण्याइतकी हवा राहते.

आता मित्राने काय केलं? एका दुकानाने त्याला 'साइडमाउंट सेट' म्हणून जो माल विकला तो पाठीवरच्या सिलिंडरचाच होता. नेहमीचे दोन रेग्युलेटर, नळ्या त्याच, फक्त पट्टे नवीन. मीटरभर नळी उजव्या बगलेतून तोंडाला जेमतेम पोचणारी. गळ्यातल्या रेग्युलेटरची नळी उलट जास्त लांब, तिचा डाव्या बाजूला कानासारखा फुगा. दाबमापकांच्या लांबलचक नळ्या पट्ट्यात खोचलेल्या. मी म्हटलं, अरे, हे बदल. तो म्हणाला, "चालतंय रे. हवा येतेय ना?"

हवा येते. मला मान्य. त्याला येते!

उपनगरातल्या एका तरण तलावात आम्ही दोघं सराव करत होतो. मी माझी हवा संपल्याची खूण केली, गळ्यावरून आडवा हात फिरवतात ती. नियमाप्रमाणे त्याने तोंडातला रेग्युलेटर काढून मला दिला. म्हणजे द्यायला गेला. ती नळी गळ्यातल्या इलॅस्टिकच्या आतून गेली होती, हे आम्हा दोघांनाही वर असताना दिसलं नव्हतं. त्याने हात लांब केला तशी माळ ओढली गेली, गळ्यातला रेग्युलेटर कानामागे गेला, आणि माझ्यापर्यंत आलेलं तोंड माझ्या ओठांपासून चार बोटं अलीकडेच थांबलं. मला हवा नाही आणि आता त्यालाही नाही. तळ चार मीटरही नव्हता. मी माझाच रेग्युलेटर परत तोंडात घेतला, त्याने वरचा रस्ता धरला. वर येऊन तो हसत होता. मी नव्हतो हसत.

माझं म्हणणं एवढंच आहे की नळीची लांबी आपल्या तोंडावरून मोजायचीच नसते. ती मोजायची दुसऱ्याच्या तोंडावरून, तोही घाबरलेला, हातपाय झाडणारा दुसरा. लांब नळीचा आग्रह ज्याच्या नावावर सांगतात त्या शेक एक्सलीने 1979 साली गुहेत मेलेल्या पाणबुड्यांचे अपघात एकेक करून तपासून पुस्तक लिहिलं. दोरी न धरता आत जाणं, परतीची हवा राखून न ठेवणं, झेपणार नाही इतकं खोल जाणं, अशी कारणं त्यातून पुढे आली. एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली एक तृतीयांश जोडीदारासाठी आणि अडचणीसाठी, हा हिशेब तिथूनच सगळीकडे पसरला. पण ती तिसरी वाटणी जोडीदाराच्या तोंडापर्यंत पोचलीच नाही तर राखून उपयोग काय? पगाराचे पैसे बँकेत आहेत आणि बँक बंद आहे, तसलं.

मित्राचा युक्तिवाद असा: आपल्याकडे गुहा कुठे आहेत? एलटीटीवरून रात्रीची कोकणची गाडी पकडायची, कुडाळला उतरायचं, तारकर्लीला 8-10 मीटर पाणी. काही झालं तर वर ये.

या मुद्द्यात दम आहे, नाही म्हणत नाही. पण मग तितक्या पाण्यात बगलेत दोन सिलिंडर हवेत कशाला? पाठीवर एक घे, रंगीत ऑक्टोपस लाव आणि मजेत फीर. जी पद्धत अरुंद जागेसाठी जन्मली तिचा वेष घ्यायचा आणि शिस्त मात्र गुहा नाही म्हणून सोडायची, हे मला पटत नाही. आणि 'काही झालं तर वर ये' हे वाक्य फार दिवस पुरणारं नाही. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा राज्याचा प्रकल्प आहे. जहाजाच्या पोटात छप्पर असतं. तिथे वर येता येत नाही. आणि साइडमाउंटवाला सगळ्यात आधी आत घुसणार, कारण बगलेतले सिलिंडर काढून पुढे ढकलत दारातून सरकता येतं, हीच तर त्याची शेखी असते.

उलट्या टोकाची मंडळीही आहेत बरं का. परदेशी व्हिडिओ बघून जो तो 2.1 मीटरची नळी मागवतो. ती लांबी एकापाठोपाठ एक, रांगेने बोगद्यातून बाहेर पडण्यासाठी आहे. मोकळ्या समुद्रात दीड मीटर पुरते, लोंबतही नाही. तरी हातात लांब नळी असलेल्या अडाण्याशी मी आखूड नळीवाल्यापेक्षा कमी भांडेन, हे कबूल करतो. वापरात नसताना लांब नळीचं तोंड छातीच्या उजव्या कडीला हुकने अडकवतात. तो हुक रेग्युलेटरला बारीक ओ-रिंगने बांधायचा, हिसका दिला की तुटेल असा. मित्राने तो प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलाय. "मजबूत झालं," म्हणाला. नको तिथे मजबूत!

हा 'चालतंय' आपल्याकडे फार पिकतो. सीएसटी रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत मी त्याचे चमत्कार पाहिलेत, पद्मिनीला कुठल्या कुठल्या गाडीचं काय काय बसवून ती धावताना पाहिलीय. त्याबद्दल मला आदरच आहे. पण गाडी बंद पडली तर ढकलता येते. आणि हे बनवणाऱ्यांना माणूस चुकतो हे ठाऊक होतं: फर्स्ट स्टेजवर जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या भोकांचे आटे वेगळ्या मापाचे केलेत, चुकून अदलाबदल करायची म्हटली तरी नळी बसत नाही. लांबीचा असा आटा कोणी केला नाही. ती माणसाच्या अकलेवर सोडलीय.

खर्चाचं रडगाणंही ऐकलं. नव्या नळ्या महाग आहेत, खरं आहे. घरातली गॅसची केशरी नळी मात्र तारीख संपली की आपण मुकाट्याने बदलतो, कारण फुटली तर आपल्याच घरात फुटेल. विचारायचंच तर हे विचारा की कमी दाबाची नळी फुटली तर काय होतं. जास्त दाबाच्या नळीला फर्स्ट स्टेजमध्ये सुईसारखं बारीक भोक असतं, ती फुटली की आवाज मोठा पण हवा सावकाश जाते. कमी दाबाची फुटली की सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. दुकानदाराने हे सांगितलं होतं का? नव्हतं. मित्राने विचारलं होतं का? तेही नाही.

असो. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. मग गेल्या रविवारी तो स्वतःच घरी आला, चहा झाला आणि बॅगेतून नव्या नळ्या काढून म्हणाला, तूच बसव, माझा हात जोरात आवळतो. (ओ-रिंग सील करते, जोर नाही, हे मी त्याला नोकरीत असल्यापासून सांगतोय.) मी बसवल्या. त्याला आरशासमोर उभं करून लांब नळी दहा वेळा काढायला लावली, दर वेळी इलॅस्टिकच्या बाहेरून. आई स्वयंपाकघरातून बघत होती, तिने विचारलं, हे दोघं काय खेळताहेत?

जुन्या नळ्या खालचा गॅरेजवाला मागत होता, कंप्रेसरला लावेन म्हणाला. मी आधी हॅकसॉने त्यांचे तीन-तीन तुकडे केले आणि मग भंगारात टाकल्या.