क्रॅथिसच्या बागेत

वसंतात मुलांकडे स्कॉटलंडला जाणार असाल, तर ॲबरडीनच्या पश्चिमेस, डी नदीच्या खोऱ्यातील क्रॅथिस किल्ला अवश्य पाहावा. सोळाव्या शतकातील हा मनोरावजा वाडा. वर जाण्यास अरुंद, चक्राकार जिना. गुडघे कुरकुरत असतील, तर वरची चित्रांकित छते पाहण्याचा हट्ट आपण धरू नये आणि सोबतच्यांनीही आग्रह करू नये. अशा जिन्यावर चढण्यापेक्षा उतरणेच अधिक अवघड जाते.

माझ्या मते खरे वैभव खालीच आहे. तटबंद बागेतील यू वृक्षांची उंच, घनदाट कुंपणे १७०२ साली लावलेली. त्यांच्या आडोशाला वारा मंदावतो, डॅफोडिल्स फुललेली असतात. बाकावर निवांत बसावे. एप्रिलमध्ये दुपारीही गारठा असतो, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कानटोपी हवीच.

मात्र यूची पाने आणि बिया अत्यंत विषारी असतात. (याच पानांतील द्रव्यापासून कर्करोगावरील औषधही घडवितात!) स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस हाती लागेल ते तोंडात घालण्याची सवय असेल, तर तिला कुंपणालगत क्षणभरही एकटे सोडू नये. बाकीच्यांनी किल्ला आळीपाळीने पाहावा.