थोडा झोल राहू द्या

'झोल' हा शब्द हॉस्टेलवर दिवसातून पन्नासदा तरी कानावर पडतो. मेसच्या बिलात झोल, अटेंडन्समध्ये झोल, रिझल्टमध्ये तर हमखास झोल. पण शब्दाचा मूळ अर्थ लफडं नाही. कपडे वाळत घालायची दोरी मधोमध खाली येते, तो झोल. मला आज याच झोलाची बाजू घ्यायची आहे आणि त्यासाठी जरा मासेमारीत शिरावं लागणार आहे. शाकाहारी वाचकांनी घाबरू नये, शेवटपर्यंत एकही मासा मरत नाही.

गोष्ट सेकंड इयरची. फ्लुइड मेकॅनिक्सची व्हायवा. माझा पार्टनर अकोला जिल्ह्यातला, पूर्णेच्या काठच्या गावचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "ड्रॅग म्हणजे काय? तो शून्य कधी होतो?" हा गप्प. सर म्हणाले, "कुठून कुठून येता रे तुम्ही!" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

त्यानंतर तो मागच्या बाकावर गेला. मग लेक्चरला येणंच कमी झालं. दिवाळीला बॅग भरताना मला म्हणाला, "मी काही वापस येत नाही बे. बापासंग जाळं टाकीन. थे तरी मले येते."

मला चैन पडेना. भाऊबीज आटोपली आणि अमरावतीहून एसटीने त्याचं गाव गाठलं. पावसाळा नुकताच सरला होता, पूर्णेला चांगलं पाणी होतं. त्याने एक बांबूची काठी माझ्या हातात दिली. नायलॉनची दोरी, गळाला गांडूळ आणि वर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा. मी टाकलं आणि इंजिनिअरच्या थाटात दोरी ताणून धरली. तो ओरडला, "ताणू नको बे! दोरी त्याले ओढून राहिली. पाणी जसं जाते तसं गांडूळ गेलं पाह्यजे. नाही तं मासा वयखते. थोडा झोल राहू दे."

मी काठी हातात धरून तसाच उभा राहिलो. व्हायवातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुढ्यात वाहत होतं! वस्तूचा वेग आणि पाण्याचा वेग सारखा झाला की सापेक्ष वेग शून्य आणि म्हणून ड्रॅगही शून्य. ह्या पोराला ते लहानपणापासून येत होतं. फक्त त्याच्या घरी त्याला 'ड्रॅग' म्हणत नव्हते.

परत आल्यावर शोधाशोध केली तेव्हा आणखी गंमत कळली. परदेशात 'फ्लाय फिशिंग' नावाचा प्रकार आहे. गळावर पिसं आणि धागे बांधून खोटा किडा तयार करतात, त्यालाच 'फ्लाय' म्हणतात. हा किडा इतका हलका की तो स्वतः लांब जाऊच शकत नाही, म्हणून दोरीच वजनदार असते आणि फेकायची ती दोरीच. त्या लोकांच्या भाषेतही 'ड्रॅग' हा शब्द आहे, आणि एक सोडून दोन अर्थांनी. एक म्हणजे रिळाचा ब्रेक. मोठा मासा पळाला तर दोरी तुटू नये म्हणून ती घर्षणाने हळूहळू सोडणारा. दुसरा अर्थ नेमका माझ्या मित्राचा. नदीत मधली धार जोरात, काठची संथ. दोरी दोन्हींवर पडली की तिला पोट येतं आणि ती किड्याला खेचू लागते. किडा पाण्यापेक्षा वेगळ्या वेगाने गेला की ट्राउट मासा तोंड लावत नाही. मग ते काय करतात? दोरी उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकतात, किंवा फेकतानाच सैल सोडतात. म्हणजे झोल देतात! यावर इंग्रजीत पुस्तकांची कपाटं भरली आहेत. आमच्या पूर्णेवर ते एका वाक्यात होतं.

आपल्याकडे लिहिलंच नाही असंही नाही. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात गळाने मासे धरण्यावर 'मत्स्यविनोद' नावाचा भागच आहे. आणि मासेमारांच्या शब्दांची लाज शास्त्रज्ञांना कधी वाटली नाही. कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या महसीर माशाला शास्त्रीय नाव दिलं 'खुदरी', ते इथल्याच बोलीतून उचलून. दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या एका माशाचं नाव 1952 साली डॉ. कुलकर्णी यांनी ठेवलं 'खवलचोर'. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला आज तो मराठी शब्द उच्चारावाच लागतो. मग व्हायवात 'ओढ' आणि 'झोल' म्हणायला आपल्याला लाज का?

माझं म्हणणं एवढंच आहे. 2021 पासून एआयसीटीईने काही कॉलेजांना मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी दिली आहे, ते चांगलंच आहे. पण सगळं मराठीत करा असा माझा आग्रह नाही. गेटचा पेपर इंग्रजीत आहे, कंपनीचा इंटरव्ह्यूही इंग्रजीत आहे. इंग्रजी शब्द यायलाच हवा. पण आधी पोराला त्याच्या शब्दांत सांगू द्या, मग इंग्रजी शब्द त्याच्या हातात ठेवा. समजलेल्या गोष्टीला नाव देणं सोपं असतं. नुसतं नाव पाठ करून गोष्ट समजत नाही, हे आपण दर सेमिस्टरला सिद्ध करतोच! सरांना विनंती आहे, व्हायवात पोरगा अडला तर एकदा फक्त म्हणा, "बरं, तुझ्या भाषेत सांग." दोन मिनिटं लागतील.

आणि आपणही हसायचं थांबवू या. यात मी पहिला.

इलेक्ट्रिकलच्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. दोन खांबांमधल्या तारेचा झोल ताणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. झोल अगदी शून्य करायचा तर ताण अनंत लागतो, आणि त्याआधीच तार तुटते. म्हणून लाइनमन हिशेबाने झोल ठेवतो. थंडीत तार आखडते तेव्हा तोच झोल तिला वाचवतो. आपल्या खोल्यांमध्ये अशा किती तरी तारा ताणलेल्या आहेत. घरचं कर्ज, बॅकलॉग, बापाचा रोजचा फोन, वरून इंग्रजीची भीती.

माझा मित्र दिवाळीनंतर परत आला. माझ्यामुळे नाही, आईने डबा बांधून देऊन एसटीत बसवलं म्हणून. पुढच्या सेमिस्टरला दुसऱ्या एका सरांनी त्याला मराठीत बोलू दिलं. तेव्हा तो दहा मिनिटं थांबला नाही.