उभ्या गाडीचं भाडं

सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची गाडी ओळखायला सोपी: काळी नंबरप्लेट, पिवळी अक्षरं. शनिवार-रविवारी ती पवना धरणाकडे, लोणावळ्याकडे पळताना दिसते. मंगळवारी सकाळी तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपनीत निघालेली अशी प्लेट मात्र शोधूनच काढावी लागेल. जनरल मोटर्सपासून ह्युंदाईपर्यंत मोटारीवाल्यांनी ज्या तळेगावात कारखाना चालवला, तिथली ही गत.

मला यात दराची करामत दिसते. तासावर भाडं म्हणजे गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये आठ तास उन्हात उभी असली तरी पैसे चालूच. सहलीला ते चार जणांत वाटून जातं. पाळीवाल्याने कुणात वाटायचं? घरच्या गाडीचं उलट. हप्ता, विमा आधीच गेलेले असतात, म्हणून इंदोरीपर्यंत जाताना आपण ‘पेट्रोल काय ते लागेल’ म्हणून मोकळे होतो. भाड्याची गाडी प्रत्येक फेरीला अख्खा हिशेब पुढ्यात ठेवते आणि महाग वाटते. गाडी क्वचितच लागणाऱ्याला ती वर्षाकाठी स्वस्त पडेलही, पण वर्षाची बेरीज करतो कोण?

स्वित्झर्लंडमध्ये ‘मोबिलिटी’ ही सहकारी संस्था आहे. १९८७ साली निघालेल्या दोन छोट्या संस्था १९९७ मध्ये एकत्र येऊन ती झाली. तिथे तासाचे आणि किलोमीटरचे पैसे वेगवेगळे. भाजी आणायला गाडी न्यावी, तासाभरात परत लावावी, असा वापर त्यामुळे परवडतो. दिवसभर गाडी अडकवून ठेवणाऱ्याला तिथेही ते महागच पडणार.

आपल्याकडच्या शेअर गाडीवाल्याला उभ्या गाडीचा हा हिशेब न शिकवता कळतो. त्याचा दर सीटवर. उरलेलं भाडं प्रवासी थांबून फेडतात, कारण गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. घाई असेल तर रिकाम्या सीटचेही पैसे द्या, लगेच निघतो! गर्दीच्या वेळी दर चढवणाऱ्या ॲपपेक्षा हा व्यवहार मला सरळ वाटतो.

चाकणसाठी एकेरी भाडं कुणीतरी लावून बघायला हवं. गाडी तळेगावात घ्यायची, कंपनीच्या गेटवर सोडायची, तेवढेच पैसे. अशा योजनांत गाड्या एकाच टोकाला साचतात आणि रिकाम्या परत आणण्याचा खर्च बसतो, ही एरवीची रड. पण पहिली पाळी आत शिरते त्याच सुमाराला रात्रपाळी बाहेर पडते, आणि तिच्यातल्या कितीतरी जणांना तळेगावलाच यायचं असतं.